पॅसेजमधल्या बायका

४ मार्च
आले एकदाची सासरी! लग्नाची नोंदणी होऊन आठवडा झाला, पण सामान आज हललं. दोन बॅगा कपडे आणि एक लांबलचक नळकांडं. नळकांड्यात माझी चौदा चित्रं. मी छापखान्यात रंग तपासते. आठ वर्षांत जी छपाई मनात भरली, तिची एकेक प्रत साहेबांच्या मागे लागून मिळवली. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायची बंदी होती, म्हणून बिचारी गुंडाळूनच राहिली.

इथे तर भिंत दिसू नये इतकी चित्रं! सगळी सासऱ्यांनी जमवलेली. त्यांनी स्वतः हिंडून दाखवली. जलरंगाला ऊन लागू द्यायचं नाही, काच कागदाला टेकू द्यायची नाही, मागचा पुठ्ठा हलक्या प्रतीचा असला की कागद पिवळा पडतो... माझी भाषा बोलणारं माणूस घरातच मिळालं.

पॅसेजमध्ये घरातल्या बायकांची तैलचित्रं आहेत: सासूबाई, चुलत सासूबाई, जाऊबाई. तिघींचे चेहरे रागाने नुसते पेटलेले. मला हसूच फुटलं. प्रत्यक्षात तिघी इतक्या हळू बोलतात की कान द्यावा लागतो.

८ मार्च
काल आमच्या खोलीत चार चित्रं लावली. नवऱ्याने स्टूल धरलं, खिळे हातात दिले, छान म्हणाला. आज कामावरून आले तर भिंत रिकामी. सासऱ्यांनी काढली. म्हणे, बाळ, या घरात काय लागायचं ते मी ठरवतो.

मी ऐकवलं, चांगलं खणखणीत. माझ्या खोलीत मला न विचारता यायचं नाही, माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. नवरा मान खाली घालून मोबाइल चाळत बसला, त्याचा तर जास्तच संताप आला. सासरे मात्र चिडले नाहीत. मान तिरकी करून, विकत घ्यायचं चित्र बघावं तसे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, पॅसेजमधली चित्रं काढणाऱ्या मास्तरांना बोलावू, तुझंही चित्र करून घेऊ.

१२ मार्च
माझी लाल बोट गेली! समुद्रातली, सात रंगांत छापलेली, चौदांतली सगळ्यात लाडकी. सासऱ्यांनी ती कापून दुसऱ्या एका चौकटीला मागून पुठ्ठ्यासारखी लावली. चौकट उलटी ठेवलेली होती म्हणून दिसलं. अर्धं शीड आणि वर खिळ्यांची रांग. चौकट तशीच उचलून सासऱ्यांना शोधायला निघाले.

नेमके तेव्हाच मास्तर दारात. वाळक्या अंगाचे म्हातारे, नखांत रंग. मी नाही म्हणणार होते. ते म्हणाले, बसा, आणि जे झालं तेच मनात घोळवा. घोळवायला काय, डोकं भणभणतच होतं. मी दोन तास बसले. उठले तेव्हा एकदम हलकं वाटत होतं. बोटीचं आठवलं, पण जणू दुसऱ्या कुणाची होती.

१५ मार्च
दुसरी बैठक झाली. हनुवटी, ओठ आणि गाल पुरे झाले, डोळे तेवढे राहिले. हुबेहूब मी, भडकलेली.

दुपारी दिरांचा धक्का लागून उकळता चहा जाऊबाईंच्या हातावर सांडला. कातडी लालभडक, आणि त्या हसत होत्या. दिरांनाच म्हणाल्या, असू दे. मी हात नळाखाली धरला आणि विचारलं, तुम्हाला राग कसा येत नाही? तर म्हणाल्या, पूर्वी मी फार भांडायचे म्हणे. म्हणे! स्वतःबद्दल! मग पॅसेजमधल्या स्वतःच्या चित्राकडे त्यांनी बघितलं, पाहुण्या बाईकडे बघावं तसं.

१७ मार्च
छापखान्यातून फोन आला. माझा राजीनामा पोचला, नवऱ्याने आणून दिला म्हणे. मी दिलाच नाही. नवऱ्याने लिहिला, माझी सही करून.

आणि मी बरं म्हणाले. फोन ठेवला, भाजी चिरायला घेतली.

मला राग यायला हवा होता. कुठे यायचा तो? छातीत, कानशिलात. शोधला. तिथे काही नाही. शब्द ओठांवर येतो तो हसूच घेऊन येतो.

आता माझ्या चित्रासमोर उभी राहून लिहितेय. इथे धग लागते. इथे उभं राहिलं की कळतं काय झालं ते. चोरांनो —

१८ मार्च
मास्तरांची सुरी घेतली आणि चित्राचं तोंड खरवडून काढलं. रंग ओला होता. खरवडता खरवडता माझ्या घशात आलं सगळं, परत आलं, माझं मला! ओरडले. सासऱ्यांना नावं ठेवली, नवऱ्याला भेकड म्हणाले, खोटी सही करणारा म्हणाले. अख्खं घर दणाणलं. आठ दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. बॅग भरलीय. निघालेच —

त्याच दिवशी
दाराशी सासूबाई आणि जाऊबाई. दोघींनी माझे दंड धरले. हळू. हसत. सोडत नाहीत. दोघी रडत नाहीत, ओरडत नाहीत, नुसत्या धरून — जाऊबाईंच्या हातावरचा फोड फुटला तरी —

मला खुर्चीत बसवलंय. वही मांडीवर आहे, ती नाही सोडणार. मास्तर रंग कालवताहेत. तोंड पुन्हा करायचंय, मग डोळे.

लिहीत राहीन. लिहिलं की राहील. नोकरी माझी होती. सही खोटी होती. खोलीत विचारून यायचं. नोकरी माझी — सही कुणी तरी —

ओठ झाला वरचा.

सासरे छान प्रकाश पडलाय म्हणतात. पडलाय खरा. नाही. नाही! नालायक माणसा, माझ्या —

नवरा दारात उभा आहे. त्याला सांगायचंय. तू मला इथे आणून माझं सगळं, सगळं छान — छान नाही, मी म्हणत होते, की मला तुझा भयंकर