परदेश ठरला म्हणजे ठरला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानेच घातला आहे, पण तू साष्टांगच समज.) तुझी मान कशी आहे? गळपट्टा गळ्यात असतो की खुंटीवर? भावोजींची तब्येत कशी आहे? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि जिना चढताना कठड्याला धरायला सांग. इकडे आम्ही सगळे ठीक. आमच्या ह्यांची दाढ काढली, त्यामुळे चार दिवस घरात शांतता होती. आता परत बोलायला लागलेत.

निकाल तुला त्याच दिवशी कळवला होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, इतिहास विषय घेऊन, संध्याकाळच्या कॉलेजातून मी पदवीधर झाले. दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या चादरींच्या खोलीत नेहमीसारख्या एकशे चाळीस चादरी मोजून घेतल्या. आपण आता पदवीधर बाईच्या हातात आहोत याची जाणीव त्यातल्या एकीलाही झालेली दिसली नाही. (उशांच्या अभ्र्यांनाही नाही.) ते असो. आज लिहायचं कारण वेगळं आहे, आणि मी ते सरळ सांगणार आहे, इकडेतिकडे न भरकटता.

तुला माहीतच आहे, आमच्या इस्पितळातून आम्ही चौघं त्या कॉलेजात जायचो. मी, मेट्रनबाई, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हरसाहेब आणि एक्स-रे खात्यातली सव्वीस वर्षांची पोरगी, जिला आम्ही ‘एक्स-रे’ असंच म्हणतो, कारण तिच्यापासून काही लपत नाही. गुणपत्रिका घ्यायला आम्ही चौघं खिडकीपाशी उभे होतो. शेजारी दिवसाच्या वर्गाची मुलं पदवीनंतरच्या सहलीचं ठरवत होती. कोणी म्हणे बेटं, कोणी म्हणे बर्फ, सगळं परदेशात. त्यातल्या एका गोड मुलीने मला विचारलं, “आणि काकू, तुम्ही सगळे कुठे जाणार?” मी तोंड उघडायच्या आत खिडकीमागचा कारकून म्हणाला, “त्या कुठे जाणार? घरी.”

सगळे हसले. वाईट हसले असते तर मी सोडून दिलं असतं, पण ते प्रेमाने हसले. ताई, प्रेमाने हसलेलं फार लागतं गं. मी गुणपत्रिकेवर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “परदेशात. आम्ही चौघंही.” माझ्यामागे ड्रायव्हरसाहेबांच्या हातातली पिशवी खाली पडली. पण बोलून गेलं ते गेलं. आता माघार घेतली तर तो कारकून खरा ठरणार, आणि त्याला खरं ठरवायला मी तीन वर्षं कामावरून थेट वर्गात जाऊन डुलक्या आवरल्या नव्हत्या.

पासपोर्ट तर निघाले. (माझ्या फोटोत मी एखाद्या जुन्या गुन्ह्याची कबुली देते आहे असं वाटतं, पण कान दोन्ही दिसतात, आणि त्यांना तेवढंच हवं असतं.) मग प्रश्न आला, जायचं कुठे. मेट्रनबाईंना बर्फ हवा होता. तीस वर्षं त्या भांडी उकळणाऱ्या यंत्राशेजारच्या वॉर्डात घामाघूम होऊन उभ्या आहेत, त्यामुळे त्यांचा हट्ट मला समजत होता. एक्स-रेला समुद्र हवा होता, निळा, फोटोतल्यासारखा. ड्रायव्हरसाहेबांचं म्हणणं एवढंच की जाऊ तिथे रस्त्याने जाता यावं. हा माणूस भर गर्दीतून भोंगा वाजवत उलट्या दिशेने गाडी घालतो, पण विमानाचं नाव काढलं की पाणी मागतो. आणि मला? मला पुस्तकातली एखादी तरी जागा डोळ्यांनी बघायची होती. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या किल्ल्यांचे वेढे पाठ केले, पण खरी तटबंदी बघितली म्हणशील तर आमच्या इस्पितळाच्या आवाराची.

पहिल्यांदा आम्ही एका सहल कंपनीत गेलो. गार हवा, काचेचं टेबल, टाय लावलेला तरुण. त्याने विचारलं, “मुलांना पाठवायचंय का?” मी म्हटलं, आम्हालाच जायचंय, पदवीची सहल आहे. तो गोड हसला आणि त्याने ज्येष्ठ नागरिकांचं माहितीपत्रक पुढे केलं. त्यात पहिल्या पानावर चाकाची खुर्ची होती. एक्स-रेने ते परत सरकवलं. मग त्याने सहा दिवसांत पाच देशांची सहल काढली. भाव ऐकून आम्ही पिशव्या उचलल्या, तेव्हा त्याने त्याच सहलीची स्वस्तातली आवृत्ती दाखवली. एक्स-रेने भिंग लावल्यासारखी खालची बारीक अक्षरं वाचली. बहुतेक सगळं ‘बाहेरून पाहणे’ होतं. राजवाडा बाहेरून, संग्रहालय बाहेरून. एका देशाबद्दल तर ‘बसमधून पाहणे’ एवढंच. मी म्हटलं, बाहेरून बघायला मी घरूनही बघू शकते. तो तरुण म्हणाला, “मावशी, तुमच्या बजेटमध्ये आत जाता येत नाही.” आम्ही चौघं उठलो. जाताना मेट्रनबाईंनी त्याला सांगितलं की तुझे डोळे पिवळट दिसतात, रक्त तपासून घे. (खरंच दिसत होते. त्याला तिथेच घाम फुटला.)

त्यानंतर एक्स-रेने तिच्या फोनवर एक स्वस्त विमान शोधलं. तिकीट इतकं स्वस्त की मला वाटलं उभ्याने जायचं असेल. पण त्यात सामान धरलेलं नव्हतं. बॅग न्यायची तर बॅगेचं भाडं माणसापेक्षा जास्त. तेव्हा असं ठरलं की बॅग न्यायचीच नाही, सगळे कपडे अंगावर घालून जायचं. हे जमतं का ते बघायला आम्ही जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत जमलो, कारण धुण्याचे गठ्ठे तोलायचा काटा तिथे आहे. विमानाची सवय व्हावी म्हणून सुरुवात ड्रायव्हरसाहेबांपासून केली. पाच शर्ट, दोन स्वेटर, तीन विजारी आणि वरून कोट. हात शरीराला टेकेनात. ते काट्यावर उभे राहिले, आकडा वाचायला खाली वाकायला गेले आणि धाडकन चादरींच्या ढिगाऱ्यात कोसळले.

नेमका तेव्हा नवा डॉक्टर दारातून जात होता. त्याने बघितलं काय, तर लाल झालेला, घामाने निथळणारा, सर्वांगाला सूज आलेला माणूस. आम्ही सांगायच्या आत त्याने स्ट्रेचर मागवलं. ड्रायव्हरसाहेब आयुष्यात पहिल्यांदा स्ट्रेचरवर आडवे होऊन गेले, आणि ढकलणाऱ्याला वळणावर ‘डावीकडून घे, डावीकडून’ असं ओरडत गेले. आतमध्ये डॉक्टरने कोट आणि स्वेटर उतरवून छाती तपासायला शर्ट काढला. आत शर्ट. तो काढला. आत शर्ट. चौथ्याला त्याने हात थांबवला आणि मेट्रनबाईंना हळूच विचारलं, “सिस्टर, अजून किती आहेत?” मेट्रनबाई म्हणाल्या, “एक. पण तो सणासुदीचा आहे, जपून.” अधीक्षकांपर्यंत गोष्ट गेली. मला लेखी खुलासा द्यावा लागला. मी लिहिलं, ‘शैक्षणिक सहलीची पूर्वतयारी.’ खोटं काय आहे त्यात?

विमान असं बाद झालं. ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा चार दिवस इतका उजळलेला होता की मला शंका आली, ते मुद्दाम पडले की काय.

बर्फाचं सांगते. बर्फाच्या देशात शिरायच्या परवान्याचा अर्ज अकरा पानी, आणि अर्जाची फी नकार आला तरी परत नाही. मी म्हटलं, मेट्रनबाई, एवढा खर्च करण्याआधी थंडी सोसते का ते तर बघू. औषधांच्या कोठाराला थंड खोली आहे, आत लसी ठेवतात. कोठारवाल्याला विनंती करून मेट्रनबाई आत गेल्या. पंधरा मिनिटं थांबायचं ठरलं होतं. चौथ्या मिनिटाला आतून दारावर थापा. बाहेर आल्या तेव्हा दात वाजत होते, तरी मान ताठ. म्हणाल्या, “बर्फ लांबून बघायचा असतो.” त्या दिवसानंतर बर्फाचं नाव नाही.

शेवटी मार्ग काढला तो ड्रायव्हरसाहेबांनीच. त्यांनी गाडीतला जुना नकाशा आणून माझ्या टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. नदी. नदीवर पूल. पुलापलीकडे दुसरा देश! बसने चौदा तास. परवाना पुलावरच मिळतो, पासपोर्टवर शिक्का मारून. पुलापासून तासाभरावर एक जुनं गाव, आणि ताई, त्या गावाचं नाव वाचून मी खुर्चीत बसलेली उभी राहिले. तिसऱ्या पेपरातला चौथा धडा! तोच किल्ला, ज्याला अकरा महिने वेढा पडला होता, ज्याच्यावर मी परीक्षेत आठ पानं लिहिली. तो खरोखर आहे, तिथे बस जाते, आणि तिकीट काढून आत जाता येतं. आत, ताई! गावाला तळं आहे, ते एक्स-रेने समुद्र समजावं. हवा स्वच्छ असेल तर लांब डोंगरावर बर्फ दिसतो. राहायला साधी धर्मशाळेसारखी जागा, गर्दीचा मोसम संपला की निम्म्या भावात. चौघांच्या खिशाला सहज झेपतं. त्या दुपारी मला एक चादर तीनदा मोजावी लागली.

घरी सांगितलं तेव्हा हे हसून हसून खुर्चीतून घसरले. म्हणाले, “नदीपलीकडे? अगं, तिकडची माणसं इकडे चपला घ्यायला येतात. तो कसला परदेश!” मी म्हटलं, शिक्का बसतो ना, मग परदेश. दोन दिवस हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की आमची ही चपलांच्या देशात निघाली आहे. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर हे चष्मा लावून माझं तिसऱ्या पेपराचं पुस्तक वाचत होते. मला बघून मिटलं आणि म्हणाले, वेढा कोणी उठवला ते शेवटपर्यंत कळत नाही. मी म्हटलं, पुढचं पान वाचा.

रजेचंही झालं. अधीक्षक म्हणाले, आठ दिवस चादरी कोण मोजणार? मी म्हटलं, साहेब, मी अकरा वर्षांत सलग रजा घेतलेली नाही, तरीही चादरी कमीच भरतात, म्हणजे दोष माझ्या असण्यानसण्याचा नाही. त्यांनी अर्ज पुढे ओढला. मग सही केली.

तेव्हा ताई, सगळं पक्कं आहे. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला सकाळची बस. कोणी हसो, कोणी अडवो, नदीपलीकडचा देश ठरला म्हणजे ठरला, यात आता तिळभर बदल नाही. तुझा आशीर्वाद असू दे, आणि मानेला जप.

तुझी धाकटी (आता पदवीधर)

ता. क. वर ‘सगळं पक्कं’ लिहिलं आहे, ते माझ्या मनातलं. काल एक्स-रेला कुठल्याशा बेटांची अर्ध्या किमतीची जाहिरात दिसली, आणि थंडीने दुखावलेल्या मेट्रनबाई तिला जाऊन मिळाल्या. मत घेतलं तर दोन विरुद्ध दोन. पाचव्या मताशिवाय निकाल लागत नाही. ते मत तुझं असावं असं चौघांनीही मान्य केलं आहे. उलट टपाली कळव. बेटांवर विमानाशिवाय जाता येत नाही आणि ड्रायव्हरसाहेब अंथरूण धरतील, एवढं लक्षात घे. बाकी तुझ्यावर माझा काही दबाव नाही.

ता. क. दुसरा. तुझंच मत का, तर फक्त पदवीधरांनाच मत आहे आणि आम्ही तुला त्यात धरलं आहे. ठराव ड्रायव्हरसाहेबांनी मांडला. तीन वर्षं दर रविवारी मी फोनवर धडा म्हणायचे आणि तू प्रश्न विचारायचीस. ‘अकरा महिने आतल्या बायकांनी पाणी कुठून आणलं?’ हे तू विचारलंस, पुस्तकात नव्हतं. मी शोधून काढलं, पेपरात लिहिलं, आणि तपासणाऱ्याने बाजूला बरोबरची खूण करून ‘उत्तम’ लिहिलं. ते ‘उत्तम’ तुझं आहे. मत देऊन मोकळी होऊ नकोस. आम्हा बायकांच्या खोलीत चार खाटा आहेत आणि आम्ही तिघीच आहोत. सोबत पासपोर्टचा अर्ज पाठवते आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. पाणी कुठून आणलं ते आपण दोघी आत जाऊन बघू.

ता. क. तिसरा. भावोजी, नमस्कार. फोन ताई उचलते, पण घरी आलेलं पत्र आधी तुम्ही फोडता, म्हणून फोन न करता पत्र लिहिलं. ताई दहा तारखेपासून आठ दिवस नाही. गॅसचं बटण दाबून डावीकडे फिरवायचं असतं. तुमचे इस्त्रीचे शर्ट कपाटात वरून दुसऱ्या फळीवर आहेत, ते शोधायला तिला हाक मारायची गरज नाही. अर्जावर नवऱ्याची सही लागत नाही, मी विचारून घेतलं आहे. आता हे पत्र नीट घडी घालून ताईला द्या, आणि तिच्याजवळ पेन आहे का तेवढं बघा.