डाव्या डोळ्याचा रकाना

प्रिय वहिनी,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. चष्म्याच्या कारखान्यातली माझी खुर्ची तुला छान मानवलीय, असं दादा सांगत होता. मानवणारच, मीच उबवून दिलेली. तुझ्याशेजारी बसून आठवडाभर घसा कोरडा केला होता मी. डोळ्यांच्या नंबरची चिठ्ठी एका माणसाची, तर कॉम्प्युटरवरची ओळही त्याच माणसाची. नाव, टॅब, उजवा डोळा, टॅब, डावा डोळा, एंटर, की कर्सर आपसूक पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. माउसला हात लावायचा नाही. तू मान डोलवायचीस आणि माझी पाठ वळली की आपलंच घोडं दामटायचीस. आधी सगळे उजवे डोळे वरून खाली, मग सगळे डावे. म्हणे वेळ वाचतो!

त्या दिवशी डावे भरताना तुझ्या हातून एक चिठ्ठी निसटली आणि तिथून खाली एकतीस जणांना पुढच्याचा डावा डोळा मिळाला. शेवटची ओळ रिकामी राहिली, तेव्हा तरी थांबायचंस. तू वरचाच आकडा खाली ओढलास. कॉम्प्युटर माझ्या नावाने उघडलेला, म्हणून मालकांनी मला घरी बसवलं, आणि तू ओढणीशी चाळा करत उभी राहिलीस. यादी बघताक्षणी मला कळलं होतं. उजवे सगळे बरोबर, डावे मात्र एका ओळीपासून खाली एकेक घर वर सरकलेले. आडवं भरणाऱ्याच्या हातून अशी चूक होतच नाही. दादाच्या घरात तमाशा नको म्हणून मी मूग गिळले. मूर्खपणा केला.

तीस जण भांडून चष्मे बदलून घेऊन गेले. एकतिसावी आपली आई. तिचं नाव तूच टाइप केलं होतंस. ती भांडली नाही. तिला वाटलं, डोळाच गेला. तिने वाचन सोडलं, शिवण सोडलं, पायरी चुकते. सून हात धरून जिना उतरवते, म्हणून तुझं कौतुक करते. ते तू ऐकून घेतेस, हे मला सहन होत नाही.

काल तिचा चष्मा मी तपासून आणला. उजवी काच बरोबर, डावी तिच्या खालच्या ओळीतल्या माणसाची. नवा चष्मा या पत्रासोबत आहे. तो तूच तिच्या डोळ्यांवर चढव आणि जुना का बदलावा लागला, तेही तूच सांग. रविवारी मी येतेय. आईने दारातच मला सगळं सांगितलं, तर आत येऊन चहा घेईन. नाहीतर मी सांगेन, दादासमोर.

तुझीच, अजून तरी,
नणंद