आन्सरमधली शपथ

प्रिय आत्या,

आज तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना. कारण ऐकलंस तर हसशील! माझी रेवती आता दहावीत आहे. इंग्रजीचा अभ्यास करता करता म्हणाली, "आई, आन्सरमध्ये डब्ल्यू कशाला? उच्चार तर होतच नाही!" मला कुठलं येतंय? मग आम्ही दोघींनी मोबाईलवर शोधलं.

जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचे दोन तुकडे होते म्हणे. पहिल्याचा अर्थ 'विरुद्ध', दुसऱ्याचा संबंध शपथेशी. कुणी आळ घेतला, की तो शपथेवर खोडून काढायचा. ते आन्सर! शपथ घेण्याला इंग्रजीत स्वेअर म्हणतात, त्यातलाच हा डब्ल्यू.

वाचलं आणि तूच डोळ्यांसमोर आलीस.

मी सोलापूरला तुझ्याकडे राहून कॉलेज करत होते. गावी, दुधनीला, कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं, पोरगी परक्या माणसाच्या गाडीतून फिरते. बाबा काकांना घेऊन आले आणि माझं सामान बांधायला लागले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू ओले हात पदराला पुसत बाहेर आलीस.

"फिरत न्हाय ती, गाडी शिकतीया. मीच घातलंय क्लासला. भवानीची आन घिऊन सांगते!"

"बाईमाणसानं गाडी चालवून काय करायचं?" काका म्हणाले.

"पोट भरंल की!"

बाबांनी हातातलं सामान खाली ठेवलं. मग काकांना घेऊन निघून गेले. सामान तिथंच राहिलं, मीही राहिले.

पण आत्या, 'तूबी बोल की गं' असं मला एकदाही का नाही म्हणालीस? 'उलट उत्तर देऊ नये' हेच ऐकत वाढलेली मी. रेवतीलाही तेच ऐकवत आले.

आता मी शाळेची बस चालवते. परवा बाबा शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. वॉचमननं हटकलं, तर म्हणाले, "ती बस चालवतीया न्हवं, माजी लेक हाय!" हे बघायला तू हयात असायला हवी होतीस गं!

रेवतीला पोलिसात जायचंय. बाबांना अजून माहीत नाही. रविवारी दुधनीला जाऊन सांगायचं ठरलंय. ते चिडतील, काकाही असतील. तुला वचन देते, मी तिच्या शेजारी बसून राहीन, पण बोलेल तीच.

तुझी भाची,
मंगल