रुळायचा घास

४ ऑगस्ट, सोमवार

कोथरूडच्या रिक्षावाल्यांना एकदा ओळीनं उभं करून विचारलं पाहिजे, की बाबांनो, रिक्षा घेतली ती माणसं बसवायला का दारात शोभेला? विश्रांतवाडीहून बस बदलत आलो, सोबत पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी, वर पायलची पुस्तकं, आणि ह्यांचं आपलं एकच, तिकडे नाही जाणार. शेवटी ट्रंक मीच डोक्यावर घेतली. पायल मागे मागे, जशी काही माझी कोणी नाहीच. लाज वाटते म्हणे. ट्रंकेची का माझी ते विचारलं नाही.

असो, पोचलो. आणि खरं लिहायचं तर जागा बघून जीव हरखला. मुलींचं हॉस्टेल, चार मजली, गच्चीवर तारा बांधलेल्या, दारात प्राजक्त. स्वयंपाकघर एवढं मोठं की आमची अख्खी खोली त्यात मावेल. मी मेसचा स्वयंपाक बघायचा, त्या बदल्यात पायलला वर एक पलंग मिळणार. कॉलेज चालत जाण्यासारखं. आमच्या घरातली पहिली पोरगी, इंग्रजीतून डिग्री करणारी. हिचे पप्पा, सीताराम, वॉचमनची ड्यूटी टाकून येऊ शकले नाहीत. सवड मिळाली की एखाद्या रविवारी येतील.

ही डायरी पायलनंच दिली. दिवसभर माझं डोकं खातेस त्यापेक्षा लिहीत जा, म्हणाली. मी सातवी शिकलेली. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं आधी स्वतःचं तपासावं.

एक गोष्ट मात्र लागली. इथं स्वयंपाकाच्या बाईला सगळ्या मावशी म्हणतात. पायल म्हणाली, मी पण चारचौघींत मावशीच म्हणेन हं, थोडे दिवस, रुळेपर्यंत. मी म्हटलं, का गं, आई म्हटल्यानं तुझ्या अंगाला पीठ लागतं का? मग डोळ्यात पाणी आणलंन. म्हटलं बरं बाई, म्हण.

६ ऑगस्ट, बुधवार

हॉस्टेलच्या मालकीण श्यामलाबाई. शाळेतून रिटायर झालेल्या. बोलतात आपण-आपण करून आणि लागतं थोबाडीत मारल्यासारखं. आज त्यांनी इथली पद्धत सांगितली.

पहिल्या वर्षाच्या मुलींनी दुपारी ताटात शेवटचा घास तसाच ठेवायचा. मी ते घास एका वाडग्यात गोळा करायचे आणि मागच्या मोरीत ओतायचे. मोरीत मध्ये एक दगडी डोणी आहे, गुरांना पाणी पाजतात तसली, आणि तिच्या बुडाला भोक. त्यातच. अख्खं पुणं ओला कचरा सुका कचरा करतं, इथं तिसरा निघाला. विचारलं, का हो? तर म्हणे नव्या मुली घरच्या आठवणीनं रडतात, पळून जातात. घास दिला की रुळतात. आमच्या सासूबाईंपासून चालत आलेलं आहे, आणि आपण स्वयंपाकाला आलात ना, मग स्वयंपाक करावा.

आमच्या घरात उष्टं हा साधा शब्द नाही. माझी आजेसासू टोपलं घेऊन दारोदार उष्टं मागायची. छप्पन्नच्या दीक्षेनंतर तिनं ते टोपलं चुलीत घातलं आणि सांगून ठेवलं, ह्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाणार नाही आणि कुणाला देणारही नाही. एकच सूट दिली म्हातारीनं. लेकराच्या ताटातलं आईनं खाल्लं तर ते उष्टं नव्हे.

आणि मी इथं वाडगंभर उष्टं घेऊन उभी. भात, आमटी, चावून टाकलेली शेवग्याची शेंग, कुणाची थुंकी लागलेली पोळी. शी. भोकाजवळ वाकले तर गरम वाफ आली तोंडावर. गटाराचा वास मला माहीत आहे, तो नव्हे. पारोशा तोंडाचा वास. सकाळी उठून चूळ न भरता कुणी तोंडाजवळ येऊन बोलावं तसा. आणि मोरीत एक झुरळ नाही. जिथं खरकटं तिथं झुरळ असायलाच पाहिजे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पायल रुळत नाही. वर्गात सगळं इंग्रजी. सरांचं कळत नाही आणि कळलं नाही हे सांगायला पण इंग्रजीच लागतं, म्हणते. खोलीतल्या पोरी विचारतात कुठल्या शाळेतली गं तू, आणि नाव ऐकलं की अच्छा म्हणून मोबाईलमध्ये बघतात. दुपारी सगळ्या झोपल्या की माझ्याकडे येते, तांदळाच्या पोत्याआड बसून रडते आणि माझ्याच ताटातलं खाते. तेवढ्या वेळापुरती आई म्हणते.

वाईची एक नीरजा आहे, ती पण रोज आजीच्या नावानं गळा काढायची. आठवडाभरात गप्प झाली की नाही, असं श्यामलाबाई मला टोचून म्हणाल्या. आपल्या पायलचाच घास येत नाही, म्हणे.

खरंच, पायल ठेवत नव्हती. पणजीचा नेम मोडेल, म्हणायची. मीच आज म्हटलं, ठेव गं बाई. घास जाईल, वर्ष तर जाणार नाही.

ठेवलान. मी ओतला. आतून चूळ भरल्यासारखा आवाज आला. डोणी एवढी स्वच्छ की घासावी लागली नाही. चाटलेल्या ताटासारखी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. सुट्टी आहे आणि दुसऱ्या वर्षाची एकही पोरगी घरी गेली नाही. आईबापांचे फोन येतात, ह्या हसून सांगतात अभ्यास आहे. आज गडबडीत आमटीत मीठ घालायचं राहिलं. मला चव घेताच कळलं, मी बघत उभी राहिले. सगळ्या जेवल्या. एक बोलली नाही. मेसच्या जेवणाला नावं न ठेवणारी पोरगी कोणी पाहिली आहे का? ती पण बिनमिठाच्या आमटीला? छान झालं मावशी, म्हणून ताटं ठेवून गेल्या.

मग वाडगं घेऊन मोरीत गेले तर नीरजा रडत होती. आजी मला ने, आजी मला ने. आवाज भोकातून येत होता. मी वाडगं टाकून जिन्यानं वर पळाले. नीरजा पलंगावर बसून नखं रंगवत होती. काय झालं मावशी, म्हणाली. हसली.

लहानपणी आम्ही म्हणायचो, ज्याचं उष्टं प्यावं त्याच्या मनातलं कळतं. जे आत बसलं आहे त्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं. आणि कळतं ते परत देत नाही. ठेवून घेतं.

पायल फोनवर फाडफाड इंग्रजी बोलते आजकाल. रडत नाही. मला आनंद झाला होता. शेजारणीला फोन करून सांगितलं पण होतं.

३ सप्टेंबर, बुधवार

दुपारी पायल पाणी प्यायला आली. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. मावशी, ग्लास द्या ना, म्हणाली. मी म्हटलं, आता आई म्हण की, कोण ऐकतंय. तिनं माझ्याकडे बघितलं, बाई दारावर आलेल्या भाजीवाल्याकडे बघते तसं. माझी आई गावाला असते, म्हणाली.

आम्हाला गाव कुठलं? जन्म विश्रांतवाडीतला.

भाकरी थापून पुढे केली. नको म्हणाली. हाताला वास येतो तुमच्या.

आजपासून तिचा घास ओतायचा बंद. म्हातारीनं सूट दिलेली आहे. तिचं ताट उचललं की मीच खाणार.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ताटात काही ठेवतच नाही ती. रुळल्या की ठेवत नाहीत. बोटानं पुसून ताट चाटते.

मोरीत गेले. आत कोणी ओठ हलवत होतं, ओले. मग आवाज—

आई, भाकलीचा पापुद्ला दे.

लहान असताना पायलला र म्हणता यायचा नाही. भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून मी तिच्या हातावर ठेवायचे. हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. नवऱ्याला पण नाही. मी ओ दिली. तोंडातून गेलीच ओ.

आई, इथं सगळ्या आहेत गं. जागा नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

श्यामलाबाईंच्या दारात उभी राहून बोलले. माझी पोरगी परत द्या. त्या पेपर वाचत होत्या. म्हणाल्या, मुलगी वर्गात उत्तरं देते, रडत नाही, मैत्रिणी झाल्या. मग आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे? मी म्हटलं, हिचे पप्पा येणार आहेत रविवारी. मोरी फोडतील ते. म्हणाल्या, रविवारपर्यंत आपणही रुळाल.

हसल्या पण नाहीत.

९ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी डोणीच्या भोकात हात घातला. खांद्यापर्यंत. बुळबुळीत, गरम— जीभ होती ती, दुसरं काही नव्हे— माझी बोटं चाटत होती एक एक करून. हाताला लागलं ते मूठ भरून वर काढलं. आंबलेलं, केसाळ. त्यात पायलचा घास असणार. माझ्याच हातची भाकरी, मी ओळखीन.

डोळे मिटून खाल्लं. लेकराचं उष्टं नसतं. लेकराचं उष्टं नसतं.

कळलं मला. सगळं कळलं तिच्या मनातलं. ट्रंक डोक्यावर घेतली तेव्हा तिला माझी लाज नव्हती वाटत. स्वतःची वाटत होती, हात लावला नाही म्हणून. आणि आता ती तिथं आहे, अंधारात, नीरजाच्या मांडीला मांडी—

मग ओकले. डोणीतच. अडवता आलं नाही.

त्यानं ते पण चाटलं.

१० सप्टेंबर, बुधवार

मोरीचा वास आला नाही आज. येत नाही. नाक लावून बघितलं.

आमटी चाखली, मीठ कमी का जास्त ते— कळेना. बरी होती.

पायल वर आहे. पायल खाली आहे. विसरायचं नाही शालन. वरची मावशी म्हणते. खालची आई. विसरायचं नाही म्हणून लिहून—

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जेवण छान झालं. सगळ्या मुली छान आहेत. श्यामलाबाई छान आहेत.

मोरीत कुणी बाई भांडते आहे सकाळपासून. फार कर्कश आवाज. कोणाची कोण. रविवारी पायलचे पप्पा येणार, म्हणते. ओरडते आहे, वर जी फिरते ती कोण आणि इथं माझ्या कुशीत रडते ती कोण, यातली माझी कोणती, ते रविवारपर्यंत सांगा श्यामलाबाई, रविवारपर्यंत मला उत्तर पाहिजे, नाहीतर मी—