गॅरेजवरची खोली

अकोला, १२ फेब्रु. १९६१
घरमालक इतके दिवस मला नुसतं ‘मास्तरीणबाई’ म्हणत. काल आडनाव विचारलं. आज निरोप : महिनाअखेर खोली रिकामी करा, भाचा येतोय. या भाच्याचं नाव आजवर कधी ऐकलं नव्हतं.
हे म्हणाले, “आपल्या गॅरेजवर राहू.” गॅरेज नवंकोरं. खाली विटा, वर फळ्यांचा माळा, डोक्यावर नुसता पत्रा. बेबी सहा महिन्यांची आणि अकोल्याचा उन्हाळा! म्हणे, “मी करतो ना थंड.” हा माणूस इंजिनं दुरुस्त करतो, सूर्य नव्हे. ओठांवर आलं होतं, गिळलं.

१९ फेब्रु., रवि.
अमरावतीहून आईचा निरोप. बेबीला घेऊन ये, पाऊस पडेपर्यंत रहा. शाळेतली माझी जागा हंगामी. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय, परीक्षेआधी रजेवर गेलात तर जागा दुसरीला जाईल. आमच्या घराण्यात नोकरी करणारी मी पहिली बाई. सगळ्या वस्तीला हे आईच सांगत फिरते, आणि आता तीच सोड म्हणते. थोडक्यात, माझी नोकरी त्या पत्र्यावर येऊन ठेपली.

२६ फेब्रु.
पत्र्याखाली बांबूचे तट्टे ठोकले, मधल्या जागेत कापूस भरला. जिनिंग कारखान्यातला टाकाऊ, सरकीसकट. यांचे दोस्त रशीदभाई जिनात फिटर, त्यांनी बंडीभर पाठवला. यांचा हिशेब असा : “रजई थंडी आत येऊ देत नाही, तं ऊन काहून येऊ देईन?” कापसाच्या मुलखात दुसरं सुचणार तरी काय! दुपारी हात लावून पाहिला. खरंच गार. मानलं.

५ मार्च
राहायला आलो, घरमालकाच्या मुदतीपेक्षा पाच दिवस उशिरा. मेणबत्ती लावली, बुद्धवंदना म्हटली. हे खोलीभर हात मागे बांधून फिरत होते, पाहणीला आलेल्या कलेक्टरसारखे.

९ मार्च
बेबीच्या अंगभर लाल गांधी उठल्यात. नुसती किरकिर. चादर झटकली तर बारीक काळे किडे. वरून पडताहेत, सरकीतले.
पिढ्यान्‌पिढ्या कापूस वेचलेली माणसं आम्ही. घरात कापूस साठवला की अंग खाजतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आठवलं मात्र दोघांपैकी एकालाही नाही.

१२ मार्च
नेमकी आजच आई आली. तट्ट्यातून लोंबणारा कापूस पाहिला, खाली वेल्डिंगच्या ठिणग्या पाहिल्या.
“जवाई, पोरीले वातीवर निजवून राहिले काय तुमी?”
यांनी मान खाली घातली. “चुकलं, मामी.”
नुसतं एवढंच. इंजिनाच्या बाबतीत देवाचंही न ऐकणारा माणूस. मला भरून आलं. आई मात्र बधली नाही. “चैत सरला का मी येईन. एक दुपार इथं बसून पाहीन. सोसलं नाई तं दोघींले घेऊन जाईन.”
खोली नीट होईपर्यंत मी आणि बेबी जठारपेठेत रशीदभाईंकडे. त्यांच्या बायकोने कडुनिंबाचा पाला उकळून बेबीला न्हाऊ घातलं. रशीदभाई कान धरून म्हणाले, “बहन, रूई मैंने दी, गुनहगार मैं।”

१४ मार्च
सगळा कापूस काढला. वाटलं, आता रुसून बसतील. छे! पत्र्याखाली ओळीने चार तुकडे टांगलेत : दुहेरी पोतं, लाकडाच्या भुशाची पेटी, गवताची पेंढी, माती लिंपलेल्या तुराट्या. प्रत्येकाच्या बुडाशी मेणबत्ती आडवी खोचलेली.
“हे काय?”
“परीक्षा. जिची मान वाकली ते नापास. परीक्षा काय तुयाच शाळेत होतात?”

१६ मार्च
निकाल : पोतं नापास. गवत नापास. भुसा काठावर. तुराट्यांची मेणबत्ती दुपारभर ताठ!
म्हणजे गावाकडचा कूडच की. भिंतीला उभा असतो तो छताला आडवा टांगायचा. पण पत्र्याला भिडवायचा नाही, म्हणतात. मध्ये हातभर फट, दोन्ही टोकांना झरोके. “इंजिनले हवा लागते तशी छतालेही लागते.” काय डोकं आहे! बी.ए. झालेले आमच्या शाळेत चार आहेत, पण

(बेबी उठली होती.)

२६ मार्च
सकाळची शाळा सुटली की मी माळ्यावर. तुराट्या सुतळीने बांधणं माझ्याकडे, तारेने टांगणं यांच्याकडे. खाली अंगणात माती, शेण, गव्हाच्या काडाचा गव्हांडा पायांनी तुडवते. आज एका मुलीचे वडील गाडी घेऊन आले, पाहतात तो गुडघाभर चिखलात बाई. “बाई, तुमी?” म्हटलं, हस्तव्यवसायाचा तास चालू आहे.
ओलं छत एका कोपऱ्यात धपकन खाली आलं. यांच्याच डोक्यावर. माती पुसली, तार जाड घेतली, पुन्हा सुरू. काम बिघडलं की माणसं हातोडा फेकतात. हे हातोडा बदलतात.

५ एप्रिल
भेगा बुजवल्या. भिंतींना पोती ताणून वर खळीने कागद, त्यावर नीळ घातलेला चुना. पत्र्यालाही बाहेरून चुना. पुन्हा राहायला आलो.
आज तोंडावर सांगूनच टाकलं, “मला तुमचं फार कौतुक वाटतं.” कान लाल झाले. म्हणाले, “चहा ठेव.”

१६ एप्रिल, रवि.
आई सकाळच्या मोटारीने आली. येताना संध्याकाळच्या मोटारीत जागा धरून ठेवायला सांगूनच. माझी पेटी तिनेच भरली, दाराशी ठेवली. मग भर दुपारी बेबीला घेऊन खोलीच्या मधोमध बसली. छत पाहिलं, झरोक्याशी हात धरून पाहिला.
“आज बरं वाटून राहिलं. पण खरा वैशाख कुठी आला अजून?”
हे खाली गेले. मला परीक्षेचे पेपर दिसेनात.
बऱ्याच वेळाने पाहिलं तर आई आडवी झालेली, पदर तोंडावर, बेबी तिच्या कुशीत, घाम नाही काही नाही. खालून ठोकाठोकीचा आवाज नाही. डोकावले. एक ट्रक उभा, आणि हे ड्रायव्हरला तोंडावर बोट ठेवून थांबवताहेत. एवढ्या दांडग्या माणसाला मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नाही.
मोटारीची वेळ होत आली. हे चपला हातात घेऊन जिना चढले. खुणेनेच विचारलं, उठवायचं? मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना.
तेवढ्यात पदराआडून आवाज आला, “जवाई, जा, ठोका काय ठोकाचं ते. मी जागीच आहो.”
आणि बेबीला जवळ ओढून तिने कूस बदलली. पेटी अजून दाराशीच आहे. मोटार केव्हाच गेली असेल.