ताटावर आडवा हात

४ जून ८३
संस्थेच्या सेक्रेटरींनी घरी बोलावलं. शाळा उघडली की मुख्याध्यापिका व्हा म्हणाले. मी म्हटलं, नको, मला पाचवीचा वर्ग पुरे आहे. ते हसले, चहा सांगितला. "बाई, पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं." जिना उतरेपर्यंत माझं अभिनंदनही होऊन गेलं. पंगतीत ताटावर हात आडवा धरावा आणि वाढप्यानं बोटांच्या फटीतून मठ्ठा ओतावा, तसं.

६ जून
थोरला भाऊ अण्णा सातपूरच्या कारखान्यातून पाळी संपवून तसाच आला. कपड्यांना ऑइलचा वास, हातात पेढे. कॉलनीत सगळ्यांना सांगून मोकळा. आईनं एक पेढा बुद्धमूर्तीपुढं ठेवला. मग मी सांगितलं, पद घेणार नाही.
"कुसुम, आपल्याला पुरे म्हणायला शिकवलं कुणी? आठव जरा. तू सोडलीस की खुर्ची परत त्यांच्याकडंच."
मी शिकावं म्हणून हा सातवीतून वर्कशॉपला लागला. ते तो बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. पेढा न खाता गेला.

८ जून
ही भीती आहे का? स्वतःला उलटसुलट विचारलं. नाही. शाळा सकाळची. दुपारी आई झोपते, मी खिडकीशी लिहिते. आजवरच्या सगळ्या कथा या दुपारच्या. मु.अ. झाले की दुपार ऑफिसची, तपासणीची, साहेबांच्या जीपची वाट बघण्याची. आणि पाचवीची पोरं. त्या वयात प्रश्न विचारायला लाजत नाहीत, पुढं लाजतात.
एवढं आहे. एवढंच हवंय. मला कमी वाटत नाही, तर लोकांसाठी कमी वाटून घेऊ?

९ जून
आई भाकरी थापता थापता बोलत होती. गावात लग्नाच्या पंगती उठल्या की आपली माणसं लांब बसायची. वाढणारा वरूनच टाकायचा आणि पुरे, असं तोच म्हणायचा. आग्रह कसला असतो ते तिनं नाशकात आल्यावर पाहिलं.
"मंग तू म्हनती ते येगळं कसं?"
"तेव्हा वाढणारा म्हणायचा, आई. आता जेवणारी म्हणतेय."
तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, अण्णाला पटायचं नाय.

१२ जून
विहारात माझा सत्कार. अण्णानं ठरवलेला. नको म्हटलं होतं, तेही कुणी खरं धरलं नाही. शाल पांघरली. बोलायला उभी राहिले आणि सांगून टाकलं, मी हे पद घेत नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, बाई भ्याल्या.
"भ्याले असते तर हो म्हटलं असतं. नाही म्हणायला तुम्हा सगळ्यांसमोर उभी आहे."
टाळी नाही. शालीची घडी मीच घातली, अण्णाच्या हातात दिली. घेतली. माझ्याकडं बघितलं नाही.

१४ जून
लेखी नकार दिला. सेक्रेटरी म्हणाले, बसा, आणखी विचार करा. उभ्यानंच सांगितलं, विचार झालाय. तेव्हा कुठं त्यांना खरं वाटलं, आणि लगेच राग आला. नम्रपणा चालतो. नकार चालत नाही.
नवे मु.अ. कोण ते दुपारी कळलं. अण्णा म्हणाला तेच झालं. वाईट वाटलं. तरी नकार मागे घ्यावासा वाटला नाही. दोन्ही खरं.

२६ जून
अण्णा आला. मधे फिरकलाच नव्हता. सायकल भिंतीला टेकवून दारातच उभा. आई आत ये म्हणत होती.
"दुपारचं लिहितीस ते काय असतं गं?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. एक पान वाचून दाखवलं. चपला न काढता ऐकलं.
"ह्यात मी हाय का?"
नाही म्हटलं.
"मग मला घे. पण मी म्हणतो तसंच लिही. तुझ्या बाजूला वळवू नको."
गेला. आई म्हणते, राग गेला त्याचा. मला तसं वाटत नाही.
लिहायला बसलेय. पहिलं वाक्य त्याचंच, तो बोलला तसं: आपल्याला पुरे म्हणायला शिकवलं कुणी? त्याच्या खाली माझं काय लिहायचं ते अजून ठरत नाही.