एकानंही तोंड वळवलं नाही

मंगळवार, संध्याकाळ. निपाणी

तीनदा हात धुतले. किळस जात नाही.

शांताक्का आज परत जनावरांच्या दवाखान्यात आल्या. त्यांची म्हस तिसऱ्यांदा उलटली, गाभण राहिलीच नाही, दुपारपासून पुन्हा माजावर. "मॅडम, तुमच्या कांडीतच जीव न्हाय का, बघा की." गोठवलेल्या रेताच्या कांड्या ठेवतो त्या कॅनमधला नायट्रोजन मध्यंतरी आटला होता, कांड्या बाद झाल्या. मला ठाऊक होतं, आमचे वरिष्ठ आप्पा, त्यांनाही. तरी त्याच वापरतोय.

आक्कांसमोरच एक कांडी कोमट पाण्यात धरली, थेंब काचेवर घेतला. आप्पा मायक्रोस्कोपात डोकावले न डोकावले. "सगळी एका दिशेनं पळायलेत. लई झ्याक. लिवा."

पळायलेत? काचेवर थेंब ओघळत होता आणि ही मढी त्याच्याबरोबर वाहत होती. एकाचीही शेपटी हलत नव्हती. जिवंत शुक्राणू असे जातात का? द्रव वाहू लागला की तो प्रवाहच त्यांना वळवतो. कुणी न सांगता सगळे मिळून प्रवाहाकडं तोंड करतात, उलटे पोहत सुटतात. कॉलेजात पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आज एकानंही तोंड वळवलं नाही.

आणि मी? 'हालचाल उत्तम' लिहिलं. सही ठोकली. वर अक्षरही चांगलं काढलं, शी!

आक्का हसत उठल्या. "मग सकाळी म्हस आणतो, व्हय?"

"आणा," म्हटलं. तोंड वळवलं नाही मीसुद्धा.